एडिटरला पत्र पाठवायच्या आधी

अगं,

तुझा मेल वाचला, तुझा अभ्यास सहा महिने अडकल्याचा आणि जर्नलने रिझल्ट बघून नाही तर पद्धत बघून पेपर घ्यावेत म्हणून एडिटरला पत्र लिहायचं म्हणतेस तो. 'जर्नलवाल्यांना आपण सगळ्यांनी मिळून जाब विचारायला हवा' या वाक्यावर मी जरा अडकले. राग बरोबरच आहे गं, पण जाब विचारल्यावर पॉलिसी बदलणारा एडिटर मला अजून भेटायचाय.

आधी नक्की मागायचं काय ते ठरव. नुसतं 'प्री-रजिस्ट्रेशनला प्रोत्साहन द्या' म्हणालीस तर ते गाइडलाइन्समध्ये एक ओळ टाकतील आणि मोकळे होतील. प्री-रजिस्ट्रेशनमध्ये तू प्लॅन तारखेसकट नोंदवून ठेवतेस एवढंच, तो एरवी कोणी तपासत नाही आणि पेपर घ्यायचा की नाही हे शेवटी रिझल्ट बघूनच ठरतं. तू मागायचा तो रजिस्टर्ड रिपोर्ट. त्यात प्रश्न, पद्धत, सॅम्पल किती, अ‍ॅनालिसिस कसं करणार हे सगळं डेटा घ्यायच्या आधी रिव्ह्यूअरकडे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या त्याच विषयातल्या संशोधकांकडे जातं, त्यांना पटलं की जर्नल तत्त्वतः स्वीकृती देतं, आणि मग ठरल्याप्रमाणे काम केलंस की रिझल्ट कसाही येवो, पेपर छापायचा.

मला हे का पटलं सांगते. माझ्या पीएचडीतला एक अभ्यास अजून जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहे, दीड वर्ष घातलं त्यात, दोन गटांत फरक काही निघाला नाही, आणि जर्नलने पद्धतीबद्दल चकार शब्द न काढता 'निष्कर्ष फारसे रंजक नाहीत' म्हणून परत पाठवला. बऱ्याच वर्षांनी पहिला रजिस्टर्ड रिपोर्ट केला तेव्हा एका रिव्ह्यूअरने पहिल्याच फेरीत लिहिलं की तुमची टेस्ट इतकी सोपी आहे की दोन्ही गट पैकीच्या पैकी मार्क मिळवतील, मग फरक दिसणार कुठून? मी आधी वैतागले, मग पायलटची, म्हणजे आधी थोड्या लोकांवर करून पाहिलेल्या टेस्टची शीट उघडली तर २० पैकी १९, २०, २०, १९... खालपर्यंत तेच. गुपचूप टेस्ट बदलली. हीच कॉमेंट डेटा घेऊन झाल्यावर आली असती तर कपाळाला हात लावून बसले असते. असा तुझा एखादा अनुभव असेल तर पत्रात तो आधी घाल.

आकडे दोनच दे. २०२१ मध्ये आन शील, डॅनिएल लाकेन्स वगैरे संशोधकांनी मानसशास्त्रातले पेपर तपासले, नेहमीच्या पेपरांत पहिलं हायपॉथेसिस, म्हणजे आधी बांधलेला अंदाज, ९६ टक्के वेळा बरोबर निघालेलं, रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के. म्हणजे अंदाज चुकलेले अभ्यास एरवी छापलेच जात नसावेत. पण हे जपून वापर हं, कारण रजिस्टर्ड रिपोर्टसाठी लोक मुळात शंका असलेलेच प्रश्न जास्त निवडत असतील असंही असू शकतं, आणि चांगला एडिटर नेमकं तिथेच बोट ठेवेल. दुसरा आकडा: असे पेपर घेणारी जर्नल्स आता ३०० च्या वर गेलीत. २०१३ मध्ये मेंदूवर संशोधन करणाऱ्या क्रिस चेंबर्सनी कॉर्टेक्स या जर्नलमध्ये सुरू केलं तेव्हा ते धाडस होतं, २०२३ मध्ये तर नेचरनेही घेतलं. बहुतेक एडिटरना आपणच पहिले ठरू याची धास्ती असते, ती याने जाते.

मग ते म्हणतील की याने संशोधकाचे हात बांधले जातात. नाही बांधले जात, डेटात वेगळं काही दिसलं तर खुशाल लिही, फक्त ते आधी ठरवलेलं नव्हतं असं सांगून वेगळ्या मथळ्याखाली. रिव्ह्यूअर मिळत नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे, ती उडवून लावू नकोस. एकच पेपर चार जर्नल्सच्या दारात फिरतो तेव्हाही रिव्ह्यूअरच खर्ची पडतात, हे सांग, आणि पीअर कम्युनिटी इन या संशोधकांनीच चालवलेल्या रिव्ह्यू करणाऱ्या उपक्रमाचं नाव काढ. २०२१ पासून ते रजिस्टर्ड रिपोर्टचा रिव्ह्यू स्वतःच करतात, लेखकाकडून पैसे घेत नाहीत, आणि त्यांच्याशी जोडलेली जर्नल्स त्यांच्या शिफारशीवर पुन्हा रिव्ह्यू न करता पेपर घेतात. छोट्या जर्नलला याहून सोपं काय असणार.

वेळेचं मात्र मी तुला गोड बोलून सांगणार नाही. पहिल्या फेरीत काही महिने जातात आणि तोवर डेटाला हात लावता येत नाही, फेलोशिप संपत आलेल्या मुलांना हे परवडत नाही. म्हणून पत्रात सक्तीची भाषा नको, एक वर्ष प्रयोग म्हणून हा पर्याय ठेवा, एवढंच. वर स्वतःहून सांग की पहिल्या फेरीचे दोन पेपर मी रिव्ह्यू करून देईन. नुसती मागणी करणारे एडिटरला रोज भेटतात, काम अंगावर घेणारं कोणी क्वचितच.

मुख्य संपादकाला थेट लिहू नकोस, संपादक मंडळात ज्याने स्वतः असा पेपर केलाय तो शोध आणि आधी त्याच्याशी बोल. ड्राफ्ट मला पाठव, एका पानाच्या वर नको. आणि मेलच्या पहिल्या परिच्छेदातलं ते 'विज्ञानावरचं संकट' पत्रात नको, त्या जागी तुझा तो सहा महिने अडकलेला अभ्यास येऊ दे.