‘एफएससी साग’ म्हणून दुकानदार देतो ते नक्की काय असतं?

प्रश्न: चिपळूणजवळ घर बांधतोय. आर्किटेक्ट मॅडम म्हणतात दारं-खिडक्या सर्टिफाइड, म्हणजे नीट सांभाळलेल्या जंगलातल्या, लाकडाच्याच करा. वखारवाला म्हणतो आमच्याकडे एफएससी साग आहे, दर साध्या सागापेक्षा बराच जास्त सांगतोय, आणि भिंतीवर लॅमिनेट करून लावलेलं सर्टिफिकेट दाखवतो. घ्यावा का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर: घ्या की, पण ते भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून नका घेऊ. आधी ते कोणाच्या नावाचं आहे ते वाचा. घाना, ब्राझील, इक्वाडोर कुठल्या तरी प्लांटेशनचं नाव असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ती बाग नीट सांभाळली जाते असं कोणीतरी त्रयस्थाने तपासलंय, तुमच्या हातातली फळी तिथलीच आहे हे त्यातून कुठेच सिद्ध होत नाही.

एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगलं नीट सांभाळली जातात का हे तपासायचे नियम ठरवणारी 1993 पासूनची संस्था. त्यांची सर्टिफिकेटं दोन प्रकारची, एक जंगलाचं आणि दुसरं चेन ऑफ कस्टडीचं, म्हणजे माल कोणाकोणाच्या हातातून आला त्या साखळीचं, आणि आपल्यासारख्या घर बांधणाऱ्याला खरं कामाचं हे दुसरं. म्हणजे बघा, ओंडके कांडल्याला उतरले, गांधीधामच्या सॉ मिलमधे चिरले गेले, तिथून मुंबईच्या किंवा पुण्याच्या ट्रेडरकडे, मग तुमच्या वखारीत, तर या वाटेत माल ज्याच्या ज्याच्या मालकीचा झाला त्या प्रत्येकाकडे स्वतःचं चेन ऑफ कस्टडी सर्टिफिकेट पाहिजे. मधला एक जरी बिनसर्टिफिकेटचा निघाला की तिथून पुढे तो माल साधा साग. लाकूड तेच असेल हो, पण एफएससी म्हणून विकता येत नाही.

म्हणून सरळ बिल मागा. बिलावर तुमच्या मालाच्या ओळीत ‘एफएससी 100%’ किंवा ‘एफएससी मिक्स’ असा दावा लिहिलेला हवा आणि विकणाऱ्याचा कोड हवा, ज्यात मधे सीओसी (चेन ऑफ कस्टडी) ही अक्षरं आणि पुढे सहा आकडे असतात. तो कोड एफएससीच्या साइटवर सर्टिफिकेट सर्चमधे टाका, मोबाइलवर होतं. तीन गोष्टी बघा, नाव तेच आहे का, सर्टिफिकेट चालू आहे का सस्पेंड झालंय, आणि त्यात चिरीव लाकूड येतं का. ही तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत. आपल्याकडे प्रिंटिंग प्रेसवाल्यांकडेही चेन ऑफ कस्टडी असते, पण कागदाच्या सर्टिफिकेटवर चौकट विकता येत नाही ना!

वखारवाला बिलाला कां-कूं करायला लागला तर भांडत बसू नका, साध्या सागाचा दर लावायला सांगा. बरेचदा सूर लगेच बदलतो.

आणि ‘बर्मा टीक’ म्हणाला तर जरा जास्तच चौकशी करा. म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या बर्माने, 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केलीय, आणि 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिकेने आणि युरोपियन युनियनने निर्बंध घातलेत. बाजारात बर्मा हा शब्द नुसता भारी माल या अर्थानेही फिरतो, त्यामुळे कुठल्या देशाचं ते बिलावर लिहूनच घ्या.

माझं मत विचाराल तर एका घराच्या दारं-खिडक्यांसाठी समुद्रापलीकडचा साग आणायची गरज नाही. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरचा साग आहेच, नवीन संसदेला महाराष्ट्रातलाच साग गेला, अयोध्येच्या मंदिराच्या दारांनाही गेला. वनखात्याच्या किंवा वनविकास महामंडळाच्या लिलावातला माल असेल तर ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का आणि सोबत वाहतूक पास असतो. हा पास म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, तो फक्त माल कायदेशीर आहे एवढं सांगतो, पण तो वखारवाल्याकडे बघायला मागा. शिवाय तुम्ही कोकणात आहात, घरच्या आवारातला जून फणस असेल तर आतल्या चौकटींना काय वाईट? तोडायला परवानगी लागते का ते मात्र आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारा. मॅडमना ग्रीन रेटिंगचे, म्हणजे घर किती पर्यावरणपूरक आहे याच्या मानांकनाचे, पॉइंट हवे असतील तर गोष्ट वेगळी, मग एफएससीचं बिल लागेलच.

प्रश्न: झाडं तोडून ग्रीन बिल्डिंग कशी होते? त्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बऱ्या नाहीत का? — एक वाचक, पुणे

उत्तर: आपल्या सरकारलाही असंच वाटायचं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने, म्हणजे सीपीडब्ल्यूडीने, 1993 मधे बांधकामात लाकूड बंद केलं होतं, ती बंदी उठली थेट 2020 मधे. मधल्या काळात काय झालं तर लाकडाच्या जागी स्टील, ॲल्युमिनियम, पीव्हीसी आलं. आता एक टन ॲल्युमिनियम तयार करताना नुसता धातू वेगळा करायलाच साधारण 14 हजार युनिट वीज जाते आणि आपल्याकडे ती बहुतेक कोळशाची. उलट सुक्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं, एक घनमीटर साग म्हणजे पस्तीसेक घनफूट, त्यात सव्वा टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड अडकून बसलेला असतो आणि खिडकी टिकेल तोवर बसून राहतो. अट एकच, तोडलं तिथे पुन्हा वाढलं पाहिजे, आणि तेच कोणीतरी तपासावं म्हणून ही सर्टिफिकेटं. तरी पश्चिमेच्या पावसाचा मारा असलेल्या आणि वर छज्जा नसलेल्या खिडकीला मी ॲल्युमिनियमच सांगेन, तिथे लाकूड फुगणार, अडकणार आणि दर दोन वर्षांनी पॉलिशवाला बोलवावा लागणार.

प्रश्न: आमचा जुना वाडा पाडतोय. त्याच्या तुळया नवीन घरात वापरल्या तर सर्टिफिकेट लागतं का? — एक वाचक, सातारा

उत्तर: नाही लागत. रेटिंगवालेही पुन्हा वापरलेलं सामान वेगळं धरतात, पाडायच्या आधीचे फोटो तेवढे काढून ठेवा. खिळे सगळे उपटून घ्या, नाहीतर सॉ मिलवाला चिरायला हात लावणार नाही, एका खिळ्यात त्याचं पातं जातं. भिंतीत गाडलेली टोकं पोखरलेली असतात, ती कापूनच टाका. आणि जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, ते घासकाम घरात पोराबाळांजवळ अजिबात नको, बाहेर मोकळ्यावर मास्क लावून करायला सांगा आणि धूळ ओल्या फडक्याने उचला, झाडूने नको.