व्हॅल्युअरचा आकडा नंतर बघा, आधी शेरा वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि २०१९ सालचा माझा चेहरा डोळ्यांसमोर आला. सोलापुरातल्या शेळगीतलं तुमच्या वडिलांचं घर, शेजारचं तसंच घर ६२ लाखांना गेलेलं, आणि मॉर्गेज लोनसाठी आलेला बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, वीस मिनिटांत ४१ लाख लावून गेला. आता फेरमूल्यांकन मागायच्या आधी रंग आणि पीओपी करून घेऊ का, असं तुम्ही विचारताय. माझं घर जुळे सोलापुरात, पण अक्कल तुमच्याइतकीच. मी पीओपीच्या ऐवजी जिन्याला स्टीलचं रेलिंग लावून घेतलं होतं. १८ हजार गेले. रिपोर्टात त्या रेलिंगचा साधा उल्लेखसुद्धा नाही.

आधीच सांगून ठेवतो, मी इंजिनिअर नाही, वकील नाही, बँकेतलाही नाही. शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे माझं. खाली जे लिहितोय ते एका घराच्या एका फाइलवरून शिकलेलं आहे. तुमच्या बँकेचे नियम वेगळे असू शकतात.

रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर), बाजारभाव आणि बँकेची किंमत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की एप्रिल २०२५ मध्ये सोलापूर महापालिका हद्दीतले रेडी रेकनरचे दर सरासरी १०.१७ टक्क्यांनी वाढले, राज्यातल्या महापालिकांमध्ये सगळ्यात जास्त. त्यावरून ‘आता बँकही दहा टक्के वाढवून देईल’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. व्हॅल्युअर तो रिपोर्टात लिहितो, स्वतःचा आकडा त्याहून फार वेगळा असेल तर त्याचं कारण देतो, पण हिशोब स्वतंत्र मांडतो.

तो हिशोब कसा असतो, ते माझ्या घराच्याच आकड्यांत दाखवतो. प्लॉट १,५०० चौरस फूट, त्या वेळी धरलेला दर २,००० रुपये, म्हणजे जागेचे ३० लाख. तळमजला १९९६ चा, आरसीसी, मंजूर नकाशाप्रमाणे ८५० चौरस फूट. आज तेवढंच बांधायला काय लागेल याचा दर त्याने १,६०० धरला, म्हणजे १३ लाख ६० हजार. यातून घसारा, म्हणजे घर जुनं झाल्याची वजावट. आरसीसी घराचं आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी भंगार म्हणून १० टक्के शिल्लक, असं धरायची पद्धत आहे. २३ वर्षांच्या घराला साडेचौतीस टक्के घसारा बसतो. राहिले ८ लाख ९१ हजार. जागा आणि बांधकाम मिळून ३८ लाख ९१ हजार. संपलं. यात तुमचा सागवानी दरवाजा, मॉड्युलर किचन, देवघरातला संगमरवर कुठे बसतो ते तुम्हीच सांगा. फार तर १,६०० चा दर १,७०० होईल. त्या शंभर रुपयांवरही २३ वर्षांचा घसारा बसणारच.

जागा वाढत जाते आणि घर झिजत जातं, आपण मात्र सगळा पैसा घरावर ओततो. असो.

आता शेजारच्या ६२ लाखांचं. माझ्याकडेही असाच एक शेजारी होता, त्याचा आकडा मी व्हॅल्युअरला तीनदा ऐकवला. तो बिचारा हसला आणि म्हणाला, “इंडेक्स टू दाखवा.” म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा. घरी येऊन नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च केलं, तर खरेदीखतात ३४ लाख. उरलेले कसे दिले-घेतले हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, पण व्हॅल्युअरच्या कागदावर गल्ली येत नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं सगळ्यांनी खरेदीखतात किंमत कमी दाखवली. आता त्याच खरेदीखतांवरून आपल्या घराची किंमत ठरते आणि मग आपणच बोंब मारतो की बँक लुटते. तुमच्या शेजाऱ्याचा इंडेक्स टू काढून बघा. खरोखर ६२ ची नोंद असेल तर तो तुमचा सगळ्यात भारी कागद, फेरमूल्यांकनाच्या अर्जाला वरच लावा. नसेल तर त्या घराचा विषयच काढू नका.

आता माझी चूक. हे सगळं लिहायला बसलो ते खरं तर यासाठीच.

जानेवारी २०१९. मार्चच्या आत बारा मशिनी घ्यायच्या होत्या, कारण युनिफॉर्मचं काम मार्च ते जून, बाकी वर्षभर किरकोळ. व्हॅल्युअर आला, लेझर मीटर भिंतीला लावून खोल्या मोजल्या, फोटो काढले. मग विचारलं, “मंजूर नकाशा?” मी घाईत. युनिटवर कटिंग मास्तर थांबलेला. नकाशा कधी बघितला नव्हता, वडील जाऊन सहा वर्षं झालेली. मी म्हणालो, “नकाशा नाही ओ, घरपट्टीचा उतारा आहे, त्याच्यावर सगळं आहे.” आणि उतारा दिला.

त्या उताऱ्यावर बांधकाम होतं ५५० चौरस फूट.

झालं होतं असं की घराची आकारणी झाली तेव्हा मागच्या दोन खोल्या अर्धवट होत्या. त्या नंतर पूर्ण झाल्या, पण वडिलांनी नोंद करून घेतलीच नाही. वर्षाला पाच-सहाशे रुपये वाचत असतील. ते असताना हे कौतुकाने सांगायचे. वरचा मजला २००८ चा, त्याला परवानगीच नव्हती, तो व्हॅल्युअरने मोजला आणि बाजूला ठेवला. ते एक वेळ मान्य. पण तळमजलासुद्धा ५५० धरला गेला आणि किंमत आली ३५ लाख ७६ हजार.

म्हणजे सव्वातीन लाखांच्या आत फरक. एवढंच असतं तर मी रडत बसलो नसतो, दोन मशिनी कमी घेतल्या असत्या. खरा घात शेवटच्या पानावर होता. तिथे शेऱ्याचा रकाना असतो. त्यात ओळ होती: ‘मंजूर नकाशा उपलब्ध नाही. प्रत्यक्ष बांधकाम कागदपत्रांपेक्षा जास्त.’

‘सादर केला नाही’ असं नव्हे, ‘उपलब्ध नाही’. मी बोललो तेच त्याने लिहिलं, त्याची काही चूक नाही. पण बँकेच्या वकिलाने ती ओळ वाचली आणि फाइल थांबवली. ‘सादर नाही’ असतं तर त्यांनी आणून द्या म्हटलं असतं. ‘उपलब्ध नाही’ म्हटल्यावर अख्खं घरच बिनपरवाना ठरलं. मला हे कळायला तीन आठवडे लागले, कारण शाखेतला माणूस रोज “प्रोसेसमध्ये आहे” म्हणायचा आणि मी आकड्यावरून भांडत होतो. रिपोर्टची प्रत हातात असती तर पहिल्याच दिवशी समजलं असतं. फी आपण भरतो आणि रिपोर्ट मात्र आपल्याला दाखवायचा नाही, ही कुठली पद्धत? लेखी मागा. काही शाखा देतात, काही नाही देत, पण मागितल्यावर निदान शेरा वाचून तरी दाखवतात.

मग नकाशाची प्रमाणित प्रत काढायला एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, गाव लहान आहे. पहिल्या दिवशी सांगितलं, बांधकाम परवानगीचा नंबर आणा. नंबर नकाशावर असतो. नकाशा नाही म्हणून तर आलोय! दुसऱ्या खेपेला १९९६ चं रजिस्टर खालच्या खोलीत आणि किल्लीवाला रजेवर. मग निवडणूक लागली. आपल्याकडे मतदान १८ एप्रिलला होतं, त्याच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर आठ दिवस सगळे ड्युटीवर. टेबलावर पंख्याखाली कागद फडफडतायत आणि खुर्चीवर टॉवेल. अकरा चकरा मारल्या. एका चकरेत तिथल्या एकाने हळूच सुचवलं की ‘बाहेर’ एक माणूस आहे, तो करून देईल. तुम्हीही पोस्टमध्ये विचारलंय ना, हात ओले करावे लागतात का म्हणून? मी केले नाहीत. तत्त्वाने नव्हे हो, त्या माणसाने सांगितलेला आकडा एका मशिनीएवढा होता.

शेवटी नकाशा सापडला तो भलतीकडेच. मावसभाऊ सहज म्हणाला, काकांच्या घराचा नकाशा कुणी काढला होता? दक्षिण कसब्यातले एक जुने आर्किटेक्ट होते, ते आता नाहीत. मुलगा तिथेच राहतो. त्याने माळ्यावरून सुतळीने बांधलेल्या गुंडाळ्यांचा एक भारा काढला, खडूने १९९५-९६ लिहिलेला. पंधरा मिनिटांत आमची गुंडाळी निघाली. अमोनिया प्रिंट, कडा तपकिरी पडलेल्या, मंजुरीचा गोल शिक्का, परवानगीचा नंबर आणि खाली उजव्या कोपऱ्यात वडिलांची सही, तेव्हाची, ठसठशीत. मागच्या दोन्ही खोल्या नकाशात होत्या. ८५० चौरस फूट. त्या माणसाने चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

तो नंबर घेऊन गेल्यावर त्याच कार्यालयातून प्रमाणित प्रत नऊ दिवसांत मिळाली. तोपर्यंत जून उजाडला होता. फेरमूल्यांकन ३८ लाख ९१ हजार झालं, कर्ज झालं, मशिनी जुलैत आल्या. शाळा सुरू होऊन गेल्या होत्या. त्या वर्षीची दोन मोठी कामं अशोक चौकातल्या दुसऱ्या युनिटला गेली, त्यातली एक शाळा अजून परत आलेली नाही.

म्हणून माझं मत (मतच आहे, सल्ला समजू नका): तुमच्या बाबतीत ६२ आणि ४१ मधल्या फरकाचं एकच कारण नसणार. थोडा भाग शेजाऱ्याच्या बोलण्यातला, थोडा घसाऱ्याचा, आणि उरलेला तुमच्या कागदांत अडकलेला असेल. पहिल्या दोघांचं काही करता येत नाही, तिसऱ्याचं येतं. मंजूर नकाशा, वापर परवाना, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि घरपट्टीचा उतारा एका टेबलावर पसरा आणि चारही ठिकाणचं क्षेत्रफळ पेनाने गोल करा. जिथे जुळत नाही तिथेच तुमचे लाख अडकलेत. एखादा कागद सापडत नसेल तर व्हॅल्युअरला ‘नाही’ म्हणू नका, ‘शोधतोय, आणून देतो’ म्हणा. आणि नीट शोधा. वडिलांचे इंजिनिअर, जुनी बँक, घर बांधताना काढलेलं सोसायटीचं कर्ज, यांच्या फाइलीत प्रत असते. कार्यालयाने टोलवाटोलवी केली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवसांची मुदत. मला हे तेव्हा कुणी सुचवलं नाही.

घरपट्टी भरतो म्हणजे बांधकाम अधिकृत, हा गैरसमज तुमच्या पोस्टमध्येही दिसला. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते, वर शास्ती लावते आणि तेवढ्याने ते नियमित होत नाही असं कायद्यातच लिहिलंय. तुमचा प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला असेल (हद्दवाढ भागात कितीतरी आहेत) तर मात्र वेगळी गोष्ट. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात घेतली. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात नसेल तर काही बँका दारातूनच परत पाठवतात, तेव्हा ४१ लाख लागलेत म्हणजे बहुधा तुमचं तसं नसावं. तरी बघून घ्या.

अजून एक, विषय थोडा वेगळा आहे. उद्या घर विकायचं ठरलं तर आयकरासाठी वेगळं मूल्यांकन लागतं. वडिलांचं घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, आणि त्यासाठी सरकारमान्य नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो. बँकेच्या पॅनलवरचा रिपोर्ट तिथे पुढे करू नका. सीएला विचारा, माझ्यावर जाऊ नका.

माझ्या वरच्या मजल्याचं विचाराल तर तो अजून तसाच आहे, कागदावर नसलेला. एका बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, दोन फूट कमी भरतंय. त्याची फाइल परत त्याच कार्यालयात आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

रिपोर्टची प्रत मिळाली की शेऱ्याचा रकाना तेवढा इथे टाका, नाव आणि सर्व्हे नंबर झाकून. तोवर पीओपीवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.