ग्रीक-लॅटिन शिकून पुढे काय?

प्रश्न : आमच्या मुलीला अमेरिकेतील एका लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. शाळेत तिचे संस्कृत होते. आता प्राचीन ग्रीक व लॅटिन, म्हणजे ‘क्लासिक्स’, घेऊन पदवी करावी असे ती म्हणते. एवढा खर्च करून मृत भाषा शिकण्यात काय हशील, असे तिचे बाबा विचारतात. आपला सल्ला काय?
– एक आई, बडोदे

उत्तर : विषय आजच ठरवला पाहिजे असे नाही, अशा बहुतेक कॉलेजांत चार वर्षांपैकी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुख्य विषय जाहीर करण्याची मुभा असते. भाषेला मात्र ही सवड नाही. पहिले वर्ष व्याकरणात जाते, नंतर लॅटिनमध्ये सीझरचे किंवा ग्रीकमध्ये झेनोफोनचे त्यातल्या त्यात सोपे गद्य हाती येते, आणि ग्रीक कवी होमर किंवा लॅटिन कवी व्हर्जिल सहसा त्याही पुढे. म्हणून दोन्हींपैकी एक भाषा तिने पहिल्या सत्रातच घ्यावी. वर्ग मुळाक्षरांपासून सुरू होतात, आणि इथे तिचे संस्कृत कामी येईल. आठ विभक्ती घोकलेल्या मुलीने लॅटिनच्या सहा आणि ग्रीकच्या पाच विभक्तींना भिण्याचे कारण नाही. द्विवचनही तिला होमरमध्ये पुन्हा भेटेल.

खर्चाबाबत मात्र बाबांची धास्ती मला रास्त वाटते. या पदवीनंतर मुले कायदा, अध्यापन, ग्रंथालये, प्रकाशन अशा क्षेत्रांकडे वळतात, पण त्यासाठी बहुधा आणखी शिकावे लागते. आर्थिक मदतीचा आकडा लेखी हाती आल्याखेरीज होकार कळवू नये, आणि शक्य असल्यास जोडीला अर्थशास्त्रासारखा दुसरा विषय घ्यावा.

राहता राहिला ‘मृत भाषा’ हा शब्द. तो बडोद्यातून लिहून यावा याची मौज वाटली. वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती आपल्याच गावच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली, आणि अनेक हस्तलिखिते ताडून मूळ पाठाचा शोध घेण्याची जी पद्धत तिच्यामागे आहे, ती युरोपात मुख्यतः ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर काम करतानाच घडत गेली. मुलीला त्यातला एखादा खंड वाचायला द्यावा. पानाच्या तळाशी दिलेल्या पाठभेदांत, म्हणजे निरनिराळ्या हस्तलिखितांतील शब्दांच्या फरकांत, ती रमली, तर हा विषय तिचा आहे. पाव तासात कंटाळली, तर पहिल्या सत्राचा अनुभव घेऊनच पुढचे ठरवावे.