ऑगस्टचं क्रीट की सप्टेंबरचं? नातीसोबतच्या सहलीचा हिशोब

ठाण्याच्या एका निवृत्त वाचकांचं पत्र आहे. ते 66 वर्षांचे, पत्नी 62. मुलगा-सून म्युनिकला, नात चार वर्षांची. 2027 मध्ये सगळ्यांनी मिळून ग्रीसच्या क्रीट बेटावर आठवडाभर समुद्रकिनारी राहायचं ठरतंय. मुलगा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याचा आग्रह धरतो, कारण नातीचं पाळणाघर तेव्हा दोन आठवडे बंद असतं. एजंट म्हणतो मे स्वस्त पडेल. वाचकांच्या स्वतःच्या मनात गणपती आटोपून जायचं आहे. घरखर्च पेन्शनमध्ये भागतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख आहेत आणि एप्रिल व जुलै या दोन तिमाहींचं व्याज सहलीसाठी मोकळं ठेवता येईल. दोघांच्या नावे दीड-दीड लाखाच्या करबचत एफडी आहेत, त्यांची पाच वर्षांची मुदत 10 सप्टेंबर 2027 ला संपते आणि व्याजासह चारेक लाख हातात येतील. शिवाय आजारपणासाठी म्हणून 6 लाखांची वेगळी एफडी. ऑगस्टला जायचं तर तिच्यातून काढावे लागतील. मुलगा म्हणतो, बाबा, सगळा खर्च मी करतो. वाचकांना ते नको आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मनात आलं तेच बरोबर आहे. गणपतीनंतर जा. पण "स्वस्त पडतं म्हणून" एवढंच सांगितलं तर मुलाला ते पटणार नाही, आणि वहिनींना वाटेल की पैशांसाठी नातीचा समुद्र कमी प्रतीचा केला. उलट आहे. क्रीटला समुद्राचा उत्तम काळ सप्टेंबरच आहे.

पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्यामुळे मे महिन्यात क्रीटमध्ये ऊन छान असलं तरी समुद्राचं तापमान 19-20 अंशांच्या आसपास असतं. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाला ते गारच लागतं. चार वर्षांचं मूल त्यात पाच मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येईल. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तेच पाणी साधारण 24-25 अंशांवर असतं, म्हणजे ऑगस्टच्या जवळपास, आणि डोक्यावरचं ऊन मात्र उतरलेलं असतं. तुम्ही लिहिलं आहे की वहिनींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि उन्हाचा त्रास होतो. अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेमुळे अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस दुपारी बंद ठेवावं लागलं आहे. जुलै 2023 मध्ये ऱ्होड्स बेटावर वणव्यामुळे हजारो पर्यटकांना हॉटेलं सोडावी लागली, आणि जुलै 2025 मध्ये क्रीटच्याच इएरापेत्रा भागात तेच झालं. दरवर्षी असं होतं असं मी म्हणत नाही, पण ज्या महिन्यात ही शक्यता सर्वांत जास्त, त्याच महिन्यासाठी सर्वांत जास्त पैसे का मोजायचे?

अजून एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोराचा वारा वाहतो. क्रीटची बहुतेक हॉटेलं उत्तर किनाऱ्यावर आहेत, हनिया, रेथिम्नो, इराक्लिओ या पट्ट्यात. वारा जोरात असला की तिथे लाटा उसळतात आणि लाल बावटा लागतो. मग खोलीचं भाडं भरून लहान मुलाला वाळूवरच बसवावं लागतं. त्यात 15 ऑगस्ट हा ग्रीक लोकांचा मेरीमातेचा मोठा सण. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी मुंबई सोडून कोकणात जातात तसं त्या आठवड्यात अथेन्स रिकामं होऊन सगळे बेटांवर आणि गावी जातात. एलाफोनिसीसारखा उथळ पाण्याचा किनारा नातीसाठी अगदी योग्य आहे, पण ऑगस्टमध्ये तिथे छत्री लावायला जागा मिळवायची म्हणजे भल्या सकाळी निघायला हवं.

आता तुम्ही पाठवलेली कोटेशनं. युरो मी 110 रुपये धरला आहे. 2025 च्या सुरुवातीला तो नव्वदीच्या आत होता आणि त्याच वर्षी शंभरी ओलांडून गेला, तेव्हा हिशोबात थोडी उशी असलेली बरी.

तुमच्या दोघांच्या खोलीचं भाडं ऑगस्टमध्ये रात्रीला 190 युरो, सप्टेंबरअखेर 120, मेअखेर 115. यात एक खर्च कोटेशनमध्ये धरलेला नाही: 2025 पासून ग्रीसमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात चार-तारांकित हॉटेलच्या प्रत्येक खोलीमागे रात्रीला 10 युरो सरकारी कर हॉटेलवर वेगळा भरावा लागतो. म्हणजे सात रात्रींचे 70 युरो. तो मिळवून ऑगस्टचं हॉटेल 1,54,000 रुपये, सप्टेंबरचं 1,00,100, मेचं 96,250. म्युनिक-क्रीट जाऊन-येऊन दोघांची तिकिटं ऑगस्टमध्ये 79,200, सप्टेंबरमध्ये 48,400, मेमध्ये 46,200.

इथवर मे जिंकतो, आणि एजंटने इथवरच दाखवलं आहे. पण तुम्हाला आधी मुंबईहून म्युनिक गाठायचं आहे. मेमध्ये आपल्या शाळांना सुट्टी, अर्धा महाराष्ट्र युरोप बघायला निघालेला. त्यामुळे मुंबई-म्युनिकची दोघांची तिकिटं तुमच्याच कोटेशनप्रमाणे मेमध्ये 1,58,000, ऑगस्टमध्ये 1,36,000 आणि सप्टेंबरमध्ये 1,24,000 आहेत. सगळं मिळवा: ऑगस्ट 3,69,200, मे 3,00,450, सप्टेंबर 2,72,500. व्हिसा, विमा, खाणंपिणं, टॅक्सी, नातीचे हट्ट यांसाठी तिन्ही वेळा लाखभर धरा. म्हणजे सप्टेंबर तुम्हाला पावणेचार लाखांत पडतो आणि ऑगस्ट पावणेपाच लाखांच्या घरात जातो.

पण माझ्यासाठी या लाखभराच्या फरकापेक्षा महत्त्वाचं हे आहे की ऑगस्टचे पैसे तुम्ही कुठून काढणार. करबचत एफडी मुदतीआधी मोडता येत नाही, त्यामुळे 10 सप्टेंबरपर्यंत ते पैसे तुमचे असूनही हाताशी नाहीत. मग उरते आजारपणाची एफडी. तिला हात लावू नका. मुदतीआधी मोडल्याचा दंड फार नसतो, तो मुद्दा नाही. साठीनंतर हॉस्पिटलची पायरी चढावी लागली तर विमा असूनही अनामत रक्कम, विम्यात न बसणाऱ्या वस्तू आणि कॅशलेस मंजूर होईपर्यंतचे दिवस आपल्याच खिशातून जातात. मुलगा सहा-सात हजार किलोमीटरवर असताना ते 6 लाख म्हणजे त्याच्याही झोपेची सोय आहे. हे त्याला असंच सांगा.

सप्टेंबरमध्ये काहीच मोडावं लागत नाही. 30 लाखांवर 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 रुपये येतात. एप्रिल आणि जुलैचे मिळून 1,23,000, म्हणजे मुंबई-म्युनिक तिकिटं जवळजवळ तेवढ्यातच. टीडीएस कापला जात असेल तर तिमाहीला 55,350 जमा होतील. मग वरचे तेरा-चौदा हजार बचत खात्यातून घाला. हॉटेल असं निवडा की पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे आणि तोवर विनाशुल्क रद्द करता येईल. तोपर्यंत एफडीचे पैसे आलेले असतील आणि सगळं भागून लाखाच्या वर शिल्लक राहील.

राहता राहिली म्युनिक-क्रीट तिकिटं. ती जून-जुलैतच काढावी लागतील आणि तेव्हा तुमचा हात थोडा अडलेला असेल. ती मुलाला काढू द्या. "सगळं मी करतो" याला नाही म्हणा, पण एवढ्याला हो म्हणा. इतकी वर्षं त्याच्या प्रत्येक प्रवासाचं तिकीट तुम्ही काढलंत, आता एक त्याने काढलं तर तुमच्या स्वाभिमानाला धक्का लागत नाही आणि त्याच्या मनाला बरं वाटेल.

त्याची अडचण मात्र खरी आहे. पाळणाघर बंद म्हणजे दोघांपैकी कोणाला तरी घरी राहावं लागणार. सून आणि मुलगा एकेक आठवडा वाटून घेऊ शकतात का, हे त्याला विचारा. जर्मनीत बऱ्याच नोकऱ्यांमध्ये वर्षाला 28-30 दिवसांची रजा असते. तसं झालं तर सप्टेंबरसाठी दोघांकडे एक आठवडा नक्की उरेल. आणि त्याला हेही सांगा की ही मोकळीक फार दिवस नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, सहाव्या वर्षी शाळा सुरू होते, शाळा बुडवून सहलीला नेलं तर दंड होतो. नात शाळेत गेली की तुमचा समुद्र कायमचा शाळेच्या उन्हाळी सुट्टीला किंवा जूनच्या आसपासच्या सुट्टीला बांधला जाईल.

तारखांबाबत एक बारकावा. बव्हेरियातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जर्मनीत सर्वांत उशिरा, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. त्यामुळे म्युनिकहून सुटणाऱ्या विमानांचे दर 1 सप्टेंबरला उतरत नाहीत, मध्यानंतर उतरतात. 2027 मध्ये गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे. गावचा गणपती, गौरी, सगळं नीट करून 15 च्या सुमारास निघा, चार दिवस म्युनिकला विश्रांती घ्या आणि 20 ते 27 क्रीट. दसरा 9 ऑक्टोबरला आहे, त्याआधी आरामात घरी. मधले दिवस पितृपक्षाचे आहेत आणि नंतर नवरात्र. घरी श्राद्धाची तिथी किंवा घट असतील तर ते भावाशी आधी बोलून घ्या, तारखा दोन-चार दिवस इकडेतिकडे सरकवता येतील. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मात्र ढकलू नका. पावसाला सुरुवात होते, विमानं कमी होतात आणि महिनाअखेर किनाऱ्यावरची हॉटेलं मोसम संपवून बंद होतात. दिवाळीचा विचार म्हणूनच सोडून द्या.

क्रीटहून परतल्यावर मुलाकडे राहायचे दिवस धरून मुक्काम जर्मनीत जास्त होत असेल, तर व्हिसा जर्मनीचा मागायचा. त्यावर ग्रीसला जाता येतं. शुल्क माणशी 90 युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, म्हणजे मार्चच्या मध्यापासून. व्हिसा हातात येण्याआधी रद्द न होणारं तिकीट काढू नका, मग एजंट कितीही "आजचाच दर" म्हणो. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. तुम्ही त्याहून मोठा घ्या, आणि वहिनींचा रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहा. जुन्या आजाराचं संरक्षण किती, हे पॉलिसीत शोधून वाचा. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

एजंटचं पूर्ण पॅकेज घेतलंत तर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर अडकतो, आणि तुमची गणितं तारखांवर बांधलेली आहेत. तेव्हा तिकिटं आणि हॉटेल वेगवेगळी घ्या. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, लाखामागे 4,130 रुपये. त्याऐवजी एफडीचे पैसे आले की फॉरेक्स कार्डात युरो भरा. आणि तिथे मशीनने "रुपयांत देणार का" असं विचारलं तर युरोच निवडा. रुपयांचा दर ते लावतात तो नेहमी महाग पडतो.

या रविवारी मुलाशी बोलताना पैशांचा विषय शेवटी काढा. आधी पाण्याचं तापमान आणि वहिनींचा रक्तदाब सांगा, आणि त्याला सप्टेंबरच्या रजेचा अर्ज लगेच टाकायला सांगा.