केव्ह या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ काय? समानार्थी शब्दही सांगा.

गुहा. कुठलाही शब्दकोश उघडलात तर हेच मिळेल. पण तुम्ही समानार्थी शब्द विचारलेत आणि या एका शब्दावरून मी मुलीच्या शाळेत जाऊन भांडून आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलगी तेव्हा चौथीत होती. इंग्रजीच्या सराव पत्रिकेत चित्राखाली केव्ह छापलेलं आणि पुढे मराठी शब्द लिहायचा. चित्र कार्ल्याच्या चैत्यगृहाचं, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाचं. तिनं लिहिलं ‘लेणं’. बाईंनी लाल फुली मारून वर ‘गुहा’ लिहिलं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, “अहो, समानार्थीच आहेत ना, काय फरक पडतो?” समानार्थी आहेत तर मग फुली कशासाठी? याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

मला ते लागलं, कारण आमचं घर पाथरवटाचं. वडील पुण्याच्या पेठांमधून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत फिरायचे. घरोघरी मिक्सर आले तसं ते काम आटलं, मग घडीव दगडाच्या कामावर जायला लागले. फुलीचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं तेव्हा काही बोलले नाहीत. रविवारी नातीला घेऊन जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला निघाले, मीही गेलो. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं अर्धवट राहिलेलं आहे. कॉलेजची मुलं तिथं सावलीला बसतात. वडील मात्र थेट भिंतीपाशी गेले आणि टाकीचे घाव दाखवायला लागले. हे खोल, आडवेतिडवे घाव म्हणजे दगड मोडायचं काम, हे बारीक, एका ओळीतले म्हणजे नंतर साफ केलेलं, आणि इथं मोडून झालं पण साफ करायचं राहिलं. तो गोल नंदीमंडप कुठून आणून बसवलेला नाही, भोवतीचा कातळ काढून टाकला आणि तो तेवढा ठेवला, हे त्यांनी तिला चारी बाजूंनी फिरवून समजावलं. लेणं वरून खाली कोरत यायचं. उभं राहायला खालचा दगड असतोच, परांची बांधावी लागत नाही. पण एक घाव चुकीचा बसला तर तो दगड परत जोडता येत नाही. “बांधकामात चुकलेला दगड बदलता येतो, इथं नाही,” एवढंच ते म्हणाले.

आता सांगा, याला आणि वाघाच्या गुहेला एकच शब्द कसा चालेल?

सह्याद्रीचा दगड बेसाल्ट. मेघालयातल्या किंवा आंध्रातल्या बोऱ्याच्या गुहा चुनखडीत आहेत. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून तिथं निसर्गानंच दालनं तयार केली. बेसाल्ट तसा विरघळत नाही. त्यामुळे पुणे जिल्ह्यात पाट्यांवर केव्हज म्हणून जे दाखवतात ते जवळजवळ सगळं माणसाच्या हातचं आहे: कार्ला, भाजे, बेडसे, लेण्याद्री. आणि करणाऱ्यांनी त्याला काय म्हणायचं हेही लिहून ठेवलंय. कार्ल्याच्या व्हरांड्यातल्या लेखात वैजयंती नगरीचा भूतपाल शेठ सांगतो की जंबुद्वीपातलं उत्तम ‘सेलघर’ पुरं केलं. सेलघर म्हणजे दगडी घर. नाशिकला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आपल्या लेखात ‘लेण’ करवल्याचं आणि पाण्याच्या ‘पोढी’ म्हणजे टाकी खोदवल्याचं सांगतो. शब्द जवळजवळ 1900 वर्षं दगडावर आहे, आणि आमच्या मुलांना त्यावर फुली मिळते.

बाकीचे शब्द. कपार म्हणजे कड्यातली खाच, जिथं पावसात चारजण दाटीवाटीनं बसतात. घळ म्हणजे ओढ्याकाठची, कड्याखालची पोकळी, शिवथरघळ आठवा. भुयार जमिनीखालून जातं. नेढं आरपार असतं, राजगडावर आहे तसं. विवर हा शब्द लोणारनं नेला, तो आता केव्हसाठी वापरू नका. गुंफा दोन्हीकडे चालतो, म्हणून मला तो अर्धाच आवडतो. केव्हर्न म्हणजे मोठी, खोल गुहा, त्याला वेगळा मराठी शब्द शोधत बसू नका. क्रियापद म्हणून केव्ह इन आलं तर जमीन किंवा छत खचणं, आणि माणसाबद्दल असेल तर दबावापुढे नमणं.

एक मान्य करायला हवं. इंग्रजीत अभ्यासकही कोरीव लेण्यांना केव्हच म्हणतात आणि क्रमांक देतात. वेरूळचं कैलास मंदिर चक्क केव्ह 16 आहे, वर उघडं आकाश असूनही. म्हणजे बाईंनी शब्दकोशाबाहेरचं काही केलं नव्हतं. पण इंग्रजीकडे एकच शब्द आहे म्हणून मराठीनं आपले दोन का गमवावेत?

तुम्ही परीक्षेसाठी विचारत असाल तर नुसत्या शब्दापुढे ‘गुहा’ लिहा, मार्क मिळतील. चित्र कार्ल्याचं किंवा भाज्याचं असेल तर ‘लेणं’च लिहा आणि मार्क कापले तर शाळेत जाऊन विचारा. पाल्य तुमचं असेल तर सोबत घेऊन जा, त्याच्यासमोर विचारा.