बंद मूठ, करंटचं मशीन आणि दारावरची पुली

प्रश्न : बाबांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजव्या हाताची बोटं उघडत नाहीत. ऑनलाइन मागवलेलं करंटचं मशीन लावलं की मूठ आणखीच आवळते. बंद करावं का? (वाचक, कराड)

उत्तर : तूर्त बंद ठेवा. पॅड बहुधा तळहाताच्या बाजूला लागले आहेत आणि तिथले स्नायू मूठ मिटणारे आहेत. शिवाय मशीनवर फक्त 'टेन्स' लिहिलं असेल तर ते दुखणं कमी करण्यासाठीचं आहे. स्नायू हलवायला 'ईएमएस' किंवा 'एनएमईएस' हवं, ज्यात करंट थांबून थांबून देता येतो.

छातीत पेसमेकर असेल, फिट येत असतील किंवा हाताला स्पर्शच कळत नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावू नका. बधिर कातडी भाजली तरी बाबांना समजणार नाही.

पॅड हाताच्या मागच्या बाजूला लावायचे : एक कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली दोन बोटं, दुसरा मनगटाच्या दिशेने, साधारण मध्यावर. आधी स्वतःच्या हाताची बोटं ताठ उघडून बघा, फुगणारा स्नायू हाताला लागतो. फ्रिक्वेन्सी ३५ ते ५० हर्ट्झ, पल्सची लांबी (मशीनवर 'पल्स विड्थ') २५० ते ३०० मायक्रोसेकंद, ५ सेकंद चालू, १५ सेकंद बंद. करंट हळूहळू वाढवा आणि बोटं उघडताना दिसली की तिथेच थांबा. मनगट अंगठ्याकडे वळत असेल तर पॅड करंगळीच्या बाजूला थोडा सरकवा. सुरुवातीला दिवसातून दोनदा १५ मिनिटं पुरे. तेवढ्याच करंटवर बोटं कमी उघडायला लागली, तर स्नायू दमलाय; त्या वेळेपुरतं थांबवा. पहिल्यांदा जागा आणि आकडे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या आणि पॅडभोवती पेनने खूण करून ठेवा.

मशीन लावून बाबा टीव्ही बघत बसले तर फायदा थोडाच. करंट आला की त्यांनीही मूठ उघडायचा जोर लावायचा. हातात प्लास्टिकचा रिकामा पेला द्या आणि करंट आला की तो सोडायला सांगा.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे तेलमालिश करून लगेच पॅड लावणं. तेलावर पॅड नीट चिकटत नाही, कडा सुटतात, सगळा करंट उरलेल्या जागेतून जातो आणि टोचतो. मालिश नंतर करा. पॅड सुकला असेल तर जेलवर पाण्याचा एक थेंब चोळा, तरी चिकटला नाही तर नवा घ्या.

प्रश्न : पक्षाघातानंतर खांदा मोकळा व्हावा म्हणून दाराला पुली बांधली आहे. चालेल ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, सोडून टाका. पक्षाघातानंतर अनेकदा खांद्याचे स्नायू ढिले पडतात, सांधा थोडा खाली निसटलेला असतो. चांगल्या हाताने दोर ओढला की दुबळा हात वर खेचला जातो, पण खांद्याचं पातं त्याच्या जोडीने फिरत नाही. मधल्या मधे स्नायू चिमटतात आणि दुखणं मागे लागतं. त्याऐवजी टेबलावर टॉवेल पसरा, दोन्ही हात त्यावर ठेवून कमरेतून वाकत टॉवेल पुढे सरकवा. दुखायच्या आधी थांबा. बसल्यावर हात उशीवर टेकलेला असू द्या. आणि उठवताना तो हात किंवा काख धरून ओढू नका, कमरेला आधार द्या.