ट्रंक जड होती

प्रश्न :

आदरणीय बाई,

मी सांगलीत गावभागात राहते. वय ५२. घरी शिलाईकाम करते. मुलगा २५ वर्षांचा आहे, डिप्लोमा करून कुपवाडच्या एमआयडीसीत ड्रॉइंगचं काम करतो. पगार बरा आहे, व्यसन नाही. तरी त्याच्या काळजीनं लिहिते आहे.

२०१९ च्या पुरात आमचं घर बुडालं. २००५ ला पाणी जिथवर आलं होतं तिथं ह्यांनी भिंतीवर खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती. या वेळी रेघेच्या हातभर वर सामान रचलं आणि म्हणाले, याच्या वर कृष्णामाई येत नाही. पाणी रेघेच्या चार फूट वर गेलं. घर सोडताना ह्यांनी मुलाला सांगितलं, ट्रंक माळ्यावर टाक. तो तेव्हा १९ वर्षांचा होता. त्यानं स्वतःचा कॉम्प्युटर वर नेला, ट्रंक खाली राहिली. ट्रंकेत आमच्या लग्नाचा अल्बम होता, मुलाच्या बारशाचे फोटो होते, आणि माझे सासरे हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवावर कामाला होते तेव्हाचा त्यांचा पेवाच्या तोंडाशी उभा राहिलेला एकुलता एक फोटो. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर नुसता गाळ. हे सगळ्यांदेखत मुलाला म्हणाले, "तुला तुझा कॉम्प्युटर दिसला, बापाची ट्रंक दिसली नाही." त्यानंतर तो विषय घरात कधी निघाला नाही. फेब्रुवारी २०२० ला हे अटॅकनं गेले. दिवस झाले आणि महिन्याभरात लॉकडाऊन लागला. घरात आम्ही दोघंच.

तेव्हापासून मुलाला भिजलेले फोटो वाचवायचा नाद लागला. मोबाईलवर बघून बघून शिकला. २०२१ ला परत पूर आला तेव्हा लोक पिशव्या भरून फोटो घेऊन आले. आता शिरोळ, पलूसहून पण येतात. पैसे घेत नाही. घरात दोऱ्या बांधून फोटो वाळत घातलेले असतात, खोलीत एक जुना डीप फ्रीजर आणून ठेवलाय. पुण्याची चांगली नोकरी आली होती, नाही म्हणाला. लग्नाचा विषय काढला की उठून जातो. पावसाळ्यात रात्री झोपत नाही, कोयनेतून किती पाणी सोडलं ते मोबाईलवर बघत बसतो. आणि त्या फ्रीजरच्या तळाशी आमच्या ट्रंकेतल्या फोटोंचा गठ्ठा पिशवीत बांधून ठेवलाय. सहा वर्षं झाली. गावाचे फोटो सोडवतो, स्वतःच्या बापाचे नाही. हा छंद म्हणायचा की आजार? मी हे बंद करायला लावू का?

ता. क. ह्यांना नंतर वाईट वाटलं होतं. जायच्या आधी एकदा रात्री मला म्हणाले होते, "ट्रंक जड होती गं. एकट्या पोराला उचललीच नसती. मीच हात लावायला पाहिजे होता." पण आता ते बोलून काय उपयोग.

एक आई, सांगली


उत्तर :

ताई,

ताज्या कलमातल्या त्या ओळी मी चार वेळा वाचल्या. त्यांच्याकडे येतेच. त्याआधी मला माझ्या वडिलांबद्दल सांगू द्या. तुमचं पत्र वाचल्यापासून तेच डोळ्यांसमोर आहेत.

मी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. थंडीचे दिवस, सगळे दारं लावून आत निजलेले. आमच्याकडची घरं तेव्हा दगडमातीची. त्या पहाटे भागात सुमारे १८० माणसं गेली, त्यांत माझी धाकटी आत्या होती. ती ज्या भिंतीखाली सापडली ती भिंत आमच्या अण्णांनी स्वतः रचलेली होती. अण्णा गवंडी होते.

पुढची पंचवीस वर्षं अण्णांनी लोकांच्या भिंती बघितल्या. कुणाच्याही घरी चहाला गेले तरी आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, मग पाट घ्यायचा. भिंत उंच चढवू नका, कोपऱ्यात लांब दगड आडवे घाला, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवा, नाहीतर हादऱ्यानं भिंतीचं पोट फुटतं. हे ते पैसे न घेता सांगत हिंडायचे. आई चिडायची. लोक म्हणायचे, गवंडी नादावला. आणि आमचं स्वतःचं घर? कुडाच्या भिंती, वर पत्रा. अण्णांनी स्वतःच्या घरासाठी पुन्हा दगडावर दगड ठेवला नाही. ते झोपायचे अंगणात, बाजेवर. पावसाळ्यात बाजेवर इरलं धरायचे, पण आत यायचे नाहीत.

म्हणून फ्रीजरच्या तळाशी असलेली तुमची पिशवी मला अनोळखी वाटली नाही.

तुम्ही विचारता, हा छंद की आजार. मी साताऱ्यात तीस वर्षं समुपदेशन केलं आणि या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं मला कधी जमलं नाही. दुखऱ्या जागेतून उगवलेला ध्यास आजारच असतो असं समजू नका. घरात ज्याची वाताहत झाली, त्याचीच माणसाला ओढ लागते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की मला त्याचं नवल वाटत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस कामाला हाती धरतो; ते काम त्याच्या बाकीच्या आयुष्याशेजारी नांदतं, आणि बाजूला ठेवायची वेळ आली तर ठेवता येतं. दुसऱ्यात कामच माणसाला धरून ठेवतं. थांबावंसं वाटलं तरी थांबवत नाही, आणि झोप, नाती, नोकरी एकेक करून आक्रसत जातात. काम तेच असू शकतं. एकाच माणसात दोन्ही प्रकार थोडेथोडे असू शकतात. तुमच्या मुलात मला दोन्ही दिसतात.

फोटो सोडवण्याचं त्याचं काम मला निरोगी वाटतं. मी माहिती काढली. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून तसेच वाळले की संपले, मग सोडवताना चित्रच निघून येतं. म्हणून ते स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हातानं वेगळे करायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, चित्र वर ठेवून वाळवायचे. लगेच जमणार नसेल तर गोठवून ठेवायचे, म्हणजे बुरशी थांबते आणि उसंत मिळते. हे अतिशय सबुरीचं काम आहे. ज्याचं मन पूर्ण सैरभैर झालंय त्याच्या हातून ते होत नाही. शिवाय तो दार उघडतो, लोक घरात येतात, त्यांची माणसं त्याला दाखवतात. हे बंद करायला लावू नका. पुण्याची नोकरी गेली याचं तुम्हाला वाईट वाटणं मी समजू शकते, पण पंचविसाव्या वर्षी एक नोकरी नाकारली म्हणून आयुष्य बिघडत नाही.

मला काळजी वाटते ती त्याच्या पावसाळ्यातल्या रात्रींची. माझ्याच खोऱ्यातलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळून तुमच्या दाराशी येतं, त्यामुळे कोयनेच्या विसर्गाचे आकडे बघणारी सांगली मला माहीत आहे. आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की अख्खा गावभाग जागा राहतो, त्यात वेडेपणा काही नाही. पण नदी पात्रात असतानाही तो रात्रभर जागत असेल, छातीत धडधडत असेल, पावसाच्या आवाजानं दचकत असेल, तर शरीर अजून २०१९ च्या त्या रात्रीतच अडकून पडलं आहे. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तिथं जायला तो तयार नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्री दोनलाही लागतो. तो नंबर फ्रीजरवर चिकटवून ठेवा. त्यानं जेवण टाकलं, कामावर जाणं सोडलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर मात्र वाट न बघता त्याला घेऊन जा.

आता तळाशी असलेली ती पिशवी.

माझी आजी अण्णांची आई होती, आणि मेलेल्या आत्याचीही. भूकंपानंतर तिनं त्या भिंतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पंधरा-सोळा वर्षं. एका संध्याकाळी आम्ही पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो, अण्णा बाजेची सुंभ आवळत होते, आणि आजी मान वर न करता म्हणाली, "बापू, ती भिंत चुन्यात बांधायची म्हणून तू हटून बसला होतास. चुन्याला पैसं न्हाईत, मातीत रच, असं तुझा बाप म्हणाला. मला सगळं ठावं हाय." आजोबा तोवर वारले होते. गेलेल्या नवऱ्याला बोल लागू नये म्हणून ती गप्प राहिली होती. त्या गप्प राहण्याची किंमत अंगणात कोण मोजतंय हे तिला दिसत नव्हतं असं नाही, पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

अण्णा काहीच बोलले नाहीत. सुंभ आवळत राहिले. पण त्या पावसाळ्यात त्यांनी बाज अंगणातून ओट्यावर घेतली. घरात ते शेवटपर्यंत झोपले नाहीत, हेही तुम्हाला सांगते, कारण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. ओट्यापर्यंत आले. आम्हाला ते फार होतं. त्यांचा नाद मात्र सुटला नाही, आणि सुटला नाही हे बरंच झालं. सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी मदतीच्या एका तुकडीबरोबर निघाले. अण्णा साठीचे होते, पिशवी घेऊन दारात उभे. म्हणाले, "मला पण ने. भिंती बघतो." तिथं उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंती ते दिवसभर ठोकून बघायचे, कोणतं घर उतरवायचं आणि कोणत्याला टेकू द्यायचा ते सांगायचे. रात्री अख्खं गाव बाहेर झोपायचं, दगडाखाली जायला कुणी धजत नव्हतं. अण्णांचं बाहेर झोपणं पहिल्यांदाच कुणाला वेगळं वाटलं नाही.

ताई, तुमच्या यजमानांचे ते शब्द तुम्ही मला पत्रातून कळवलेत. मी परकी बाई. ते शब्द ज्याचे आहेत त्याला अजून मिळालेले नाहीत. सहा वर्षं त्याच्याजवळ बापाचं एकच वाक्य आहे, चारचौघांत ऐकवलेलं, आणि त्यानंतर बाप गेला. उत्तर द्यायला माणूस नाही, माफी मागायला नाही, भांडायलाही नाही. दुसरं वाक्य तुमच्याजवळ आहे. "आता ते बोलून काय उपयोग" असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, ते बोलायला तुम्हाला दुसरीच अडचण आहे. ते सांगायचं म्हणजे ह्यांचं चुकलं होतं हे पोरासमोर कबूल करायचं, आणि गेलेल्या माणसाचं उणं काढायला जीभ वळत नाही. पण त्यांनी स्वतःच ते काढलं होतं ना, ताई? रात्री, तुमच्याजवळ, आपल्या तोंडानं. तुम्ही त्यांचा निरोप पोचवायचा आहे, एवढंच.

समोर बसवून, "मला तुझ्याशी बोलायचंय" अशी सुरुवात करू नका. तो उठून जाईल. तो फोटो सोडवायला बसला असेल तेव्हा मशीन थांबवा, शेजारी जा, दोरीवर फोटो लावायला हात लावा. हाताला काम असलं आणि नजर खाली असली की अशा गोष्टी ऐकवतात. जसं ते म्हणाले तसंच सांगा, "ट्रंक जड होती गं" इथपासून, "गं" सकट. त्यांच्या बाजूनं काही समजावू नका, रेघेचा हिशेब त्यांचाही चुकला होता हे त्याच वेळी जोडू नका. रेघ चुकली ती अख्ख्या सांगलीची चुकली, २००५ धरून बसलेली किती घरं त्या ऑगस्टमध्ये बुडाली. ते पुढं कधीतरी आपसूक निघेल. सांगून झालं की तिथंच काम करत राहा. तो रडला तर रडू द्या, बोलला नाही तर नाही. चिडून म्हणाला, "इतकी वर्षं का सांगितलं नाहीस?" तर तो चिडायला मोकळा आहे. तुम्ही फक्त "चुकलं माझं" म्हणा.

पिशवीचं नाव तुम्ही काढू नका. लग्नाचं तर आत्ता अजिबात नको. तो गठ्ठा चिखलातून निघालेला आहे, गोठवायच्या आधी किती दिवस ओला राहिला कुणास ठाऊक. उघडल्यावर काहीच उरलेलं नाही असंही होऊ शकतं, आणि हे तुमच्यापेक्षा त्याला चांगलं कळतं. बंद आहे तोवर सासरे पेवाच्या तोंडाशी उभे आहेत. कधी उघडायचं ते त्यालाच ठरवू द्या. एक मात्र सांगून ठेवा, उघडशील तेव्हा मला हाक मार, एकटा बसू नकोस.

हरिपूरची ती पेवं २००५ च्या पुरात पाणी शिरून बहुतेक बाद झाली. वीस-पंचवीस फूट खोल जमिनीत, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढी वाट, आणि आत हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी. तुमचे सासरे तिथं कसे उतरायचे, काय सांगायचे, हे तुम्हाला आठवत असेल. फोटो निघो न निघो, ते मुलाला सांगून ठेवा. आणि पिशवी उघडलीत की मला कार्ड टाका. काही निघालं नाही, तरीही.